नालंदेचे देणे

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात त्याचे एक चित्र होते. पाठीवर बांबूची उंच पेटी, तिच्यात रचलेल्या पोथ्यांच्या गुंडाळ्या, वर छत्रीसारखे छप्पर, पायांत वहाणा आणि दूर कुठेतरी लागलेली नजर. खाली नाव छापले होते, ह्यु एन त्संग. वर्गात ते नाव निरनिराळ्या सुरांत म्हणून दाखवायची आम्हा मुलांत चढाओढ लागे. परीक्षेत तो एका मार्काला उपयोगी पडायचा. हर्षवर्धनाच्या काळात भारतात आलेला चिनी प्रवासी कोण, एवढाच त्याचा आणि आमचा संबंध. पुढे माझ्या मुलांच्या पुस्तकात त्याचे नाव युआन श्वांग झाले, मार्क मात्र एकच राहिला.

त्याची खरी ओळख मला झाली ती बँकेच्या नोकरीत. १९८८ साली माझी बदली तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली. त्या भागात राहिलेल्यांना ठाऊक असेल, घरी पाहुणे आले की त्यांना अजिंठा दाखवून आणणे हे यजमानाचे कर्तव्यच असते. तीन वर्षांत मी अकरा वेळा अजिंठ्याला गेलो. पहिल्या दोन-तीन खेपांना चित्रे पाहिली. नंतर पाहुण्यांना आत पाठवून मी सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी बसून राहू लागलो. तिथे दाराशी दोन बाजूंना दगडात कोरलेले दोन हत्ती आहेत. एकदा असाच बसलो असताना शेजारी एक निवृत्त शिक्षक येऊन टेकले. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की साडेतेराशे वर्षांपूर्वीच्या एका चिनी पुस्तकात महाराष्ट्रातल्या एका डोंगरी विहाराचे वर्णन आहे, त्या विहाराच्या दाराशी दगडी हत्ती आहेत, आणि ते अजिंठ्याचेच वर्णन असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पुस्तक कोणाचे, तर आमच्या त्या एका मार्काच्या माणसाचे.

त्या दिवसापासून हा भिक्षू माझ्या मागे लागला तो लागलाच. नोकरी संपली, चार कादंबऱ्या लिहून झाल्या, पण त्याच्या प्रवासवर्णनाची आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या चरित्राची भाषांतरे माझ्या टेबलावरून अजून हललेली नाहीत.

मध्ययुगात धर्म कसे पसरले असा विषय निघाला, की आपल्यापुढे राजे येतात, फौजा येतात, नाहीतर गावोगाव फिरणारे प्रचारक येतात. युआन श्वांग यांपैकी कोणीच नव्हता. तो काही द्यायला निघाला नव्हता, मागायला निघाला होता. जन्मभर कर्जाच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला मागायला आलेल्यांबद्दल कुतूहल असतेच. कोण कशासाठी मागतो, त्याला कोण जामीन राहतो आणि तो परतफेड कशी करतो, हे पाहण्याची सवय जडते. याच सवयीने मी त्याचे आयुष्य वाचले आणि त्याच सवयीने ते आज वाचकांपुढे ठेवतो.

त्याचा जन्म इ.स. ६०२ च्या सुमारास, चीनमधल्या ल्वोयांग शहराजवळ चेन नावाच्या घराण्यात झाला. घरात विद्येची परंपरा होती. वडिलांनी सरकारी नोकरी सोडून ग्रंथवाचनात मन रमवले होते. थोरला भाऊ बौद्ध भिक्षू झाला होता, त्याच्या पाठोपाठ हाही तेराव्या वर्षी विहारात दाखल झाला. थोड्याच वर्षांत, ६१८ मध्ये सुई राजवट कोसळली. दंगेधोपे, लूट आणि उपासमार यांतून वाट काढत दोघे भाऊ आधी छांगआनला आणि तिथून दूर छंगतूला गेले. तिथेच ६२२ मध्ये त्याने भिक्षूची पूर्ण दीक्षा घेतली. याच वर्षी तिकडे अरबस्तानात प्रेषित महंमद मक्का सोडून मदिनेला गेले. एका धर्माची कालगणना ज्या वर्षी सुरू झाली, त्याच वर्षी दुसऱ्या धर्माचा हा तरुण आपल्या प्रश्नांना सामोरा जाऊ लागला. दोघांची एकमेकांना वार्ताही नव्हती.

प्रश्न कोणते? बौद्ध धर्म चीनमध्ये पोचून तेव्हा पाच-सहा शतके उलटली होती. शेकडो ग्रंथ चिनी भाषेत आले होते. पण वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या लोकांनी केलेली ती भाषांतरे एकमेकांशी जुळत नव्हती. प्रत्येक जीवाला बुद्धत्व मिळू शकते की काहींना ते कधीच मिळणार नाही, यासारख्या मुळातल्या प्रश्नावरही एक आचार्य एक सांगे, दुसरा दुसरेच. युआन श्वांग सगळ्यांकडे जाऊन शिकला, आणि जितके शिकला तितका त्याचा गोंधळ वाढला. योगाचारभूमी नावाचा एक मोठा ग्रंथ भारतात आहे, त्यात या शंकांची उत्तरे आहेत, असे त्याच्या कानावर आले होते. चीनमध्ये त्याचे तुकडेच पोचले होते.

बँकेत कोणी झेरॉक्स पुढे केली, की आम्ही म्हणतो, मूळ कागद दाखवा. या तरुणाने स्वतःच्या धर्माला हेच सांगितले आणि मूळ कागद जिथे होता तिथे जायचे ठरवले.

पण तांग राजवट नवी होती, सरहद्दीवर तुर्कांची भीती होती आणि परवानगीशिवाय देशाबाहेर जायला बंदी होती. त्याने अर्ज केला, तो नामंजूर झाला. सोबत येणारे मागे हटले. इ.स. ६२९ मध्ये तो एकटाच निघाला. काही अभ्यासक हे साल ६२७ धरतात. दिवसा लपायचे आणि रात्री चालायचे असे करत तो पश्चिमेच्या क्वाचौ गावी पोचला, पण तिथून पुढे निघण्याआधीच त्याला पकडण्याचा हुकूम तिथे येऊन पडला.

तिथल्या ली छांग नावाच्या अधिकाऱ्याने त्याला गाठले. तो स्वतः श्रद्धाळू बौद्ध होता. हुकूम दाखवून त्याने विचारले, की यातला भिक्षू तुम्हीच का? युआन श्वांगने खरे काय ते सांगितले. अधिकाऱ्याने तो कागद त्याच्यासमोर फाडला आणि लवकर निघून जायला सांगितले.

या ठिकाणी मी पहिल्यांदा पुस्तक मिटून ठेवले होते. माझ्या त्याच शाखेत एकदा एक बाई मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला आल्या होत्या. नवरा वारलेला. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. एक दाखला कमी होता, तो यायला महिना लागणार होता, आणि फी भरायची मुदत चार दिवसांवर आली होती. मी त्यांना नियम वाचून दाखवला. नियम बरोबर होता आणि तो वाचून दाखवणारा मीही माझ्या जागी बरोबर होतो. बाई नमस्कार करून गेल्या. मुलाचे पुढे काय झाले मला कळले नाही. ली छांगने नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून कागद फाडला. सगळ्यांनी असे कागद फाडावेत असे मी म्हणणार नाही, तसे केले तर राज्यही चालणार नाही आणि बँकही. पण त्या दिवशी त्याने हुकूम पाळला असता, तर मी आज ज्या माणसाबद्दल लिहितो आहे तो कोणाला माहीतही झाला नसता.

पुढची वाट वाळवंटाची होती. गावात एका म्हाताऱ्याने त्याला आपला हडकुळा तांबडा घोडा दिला आणि बदल्यात त्याचा तरणा घोडा घेतला. म्हातारा घोडा ही वाट पंधरा वेळा जाऊन आला होता. बरोबर घेतलेला वाटाड्या रात्री सुरी उपसून उठला, पण जवळ येऊन परत फिरला. पकडले गेलो तर आपलीही मान जाईल या भीतीने त्याने साथ सोडली. सरहद्दीवरच्या पहाऱ्याच्या बुरुजाखाली पाणी घेताना बाण सूं करून गुडघ्याजवळून गेला. पण बुरुजावरचा अधिकारीही श्रद्धाळू निघाला. त्याने पाणी दिले, पीठ दिले आणि पुढचा रस्ता दाखवला.

त्यानंतर वाळवंटात त्याच्या हातून पाण्याची पखाल निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. तो माघारी वळला. थोडे अंतर गेल्यावर त्याला आपलीच प्रतिज्ञा आठवली, की भारतात पोचल्याखेरीज पूर्वेकडे एक पाऊलही टाकणार नाही. त्याने पुन्हा पश्चिमेला तोंड केले. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब मिळाला नाही. शेवटी त्या म्हाताऱ्या घोड्यानेच वाट सोडून त्याला एका झऱ्यापाशी नेले.

तुर्फानच्या खोऱ्यातल्या काओछांगच्या राजाचे संकट याहून वेगळे होते. राजा इतका भक्त, की पाहुण्याला जाऊच देईना. तुम्ही इथेच राहा, माझ्या प्रजेचे गुरू व्हा, नाहीतर परत चीनला धाडून देईन, अशी त्याची भाषा. युआन श्वांगने अन्नपाणी सोडले. तीन दिवस झाल्यावर राजा घाबरला आणि तडजोड झाली. महिनाभर राहून प्रवचने द्यायची आणि भारतातून परतताना तीन वर्षे इथे राहायचे. मग मात्र राजाने हात आखडला नाही. सोने, चांदीची नाणी, रेशमाची पाचशे ठाणे, ३० घोडे, २५ माणसे आणि वाटेतल्या राजांच्या नावाने चोवीस पत्रे, प्रत्येक पत्रासोबत एक रेशमाचे ठाण. मला ही पत्रे वाचताना गंमत वाटली. आमच्या धंद्यात पतपत्र म्हणतात ते हेच. एका ठिकाणची पत दुसऱ्या ठिकाणी चालवून देणारा कागद.

त्या पत्रांच्या जोरावर तो मध्य आशियातून पार झाला. तिएनशानच्या बर्फात त्याच्या माणसांतली दहातली तीन-चार माणसे गोठून आणि उपासाने मेली. समरकंदला लोक अग्निपूजक होते आणि बौद्धांचे दोन विहार ओस पडले होते. त्याच्याबरोबरचे दोन तरुण भिक्षू तिथे पूजेला गेले, तर लोक जळते पलिते घेऊन त्यांच्या मागे लागले. राजाने अपराध्यांचे हात तोडायचा हुकूम दिला, तेव्हा मध्ये पडला तो युआन श्वांगच. हात वाचले, फटक्यांवर भागले. बामियानला त्याने डोंगरात कोरलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. मार्च २००१ मध्ये त्या सुरुंग लावून उडवण्यात आल्या, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याच्या त्या वर्णनाची आठवण काढली.

गांधारात आल्यावर त्याला दुसरे काही दिसू लागले. शेकडो विहार पडलेले, स्तूप ढासळलेले, अंगणात गवत वाढलेले. पुढे कपिलवस्तू आणि श्रावस्ती या बुद्धाच्या पायधुळीच्या नगरांतही तेच. ज्या घरातून हा धर्म निघाला, त्या घरातच तो विरळ होत चालला होता. युआन श्वांगने हे लपवले नाही. विहार किती, त्यांतले चालू किती, भिक्षू किती, देवांची मंदिरे किती, याचे आकडे तो गावोगाव लिहीत गेला. तपासनिसाच्या डोळ्याचा माणूस होता. काश्मीरमध्ये तो दोन वर्षे शिकत राहिला. त्याच सुमारास, ६३२ मध्ये, मदिनेत प्रेषित महंमद निवर्तले आणि त्यांचे अनुयायी अरबस्तानाबाहेर पडण्याच्या तयारीला लागले. ६३५ मध्ये पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचा आलोपेन नावाचा धर्मगुरू ग्रंथ घेऊन छांगआनला पोचला आणि सम्राटाने त्याचे स्वागत केले. जगाच्या रस्त्यांवर एकाच वेळी किती माणसे किती धर्म घेऊन चालत होती, हे पाहून आजही मन थक्क होते.

बोधगयेला बोधिवृक्षापुढे तो जमिनीवर कोसळला आणि रडला. बुद्धाला ज्ञान झाले तेव्हा मी कोणत्या योनीत भटकत होतो, मला यायला इतका उशीर का झाला, हे त्याचे दुःख होते. तिथूनच नालंदेचे भिक्षू त्याला घेऊन गेले.

नालंदेत चरित्राच्या हिशेबाने दहा हजार माणसे राहत होती. शिक्षणाला फी नव्हती. राजाने लावून दिलेल्या गावांतून तांदूळ, दूध आणि लोणी रोज येई. युआन श्वांगला विड्याची पाने, सुपारी, जायफळ, कापूर आणि महाशाली नावाचा टपोरा सुवासिक तांदूळ मिळे. तो तांदूळ एरवी राजे आणि थोर आचार्य यांनाच वाढला जाई. विद्यापीठाचे प्रमुख शीलभद्र. चरित्र त्यांचे वय १०६ सांगते. ते दुखण्याने इतके जर्जर झाले होते, की त्यांनी अन्न सोडून देह ठेवायचे ठरवले होते. पण तीन वर्षांपूर्वी त्यांना स्वप्न पडले होते, की चीनमधून एक भिक्षू शिकायला येणार आहे, त्याला शिकवण्यासाठी थांबा. युआन श्वांगला त्यांनी विचारले, वाटेत किती काळ गेला? त्याने सांगितले, तीन वर्षे. ही कथा चरित्रकारांनी रंगवली असेल असे मी कादंबरीकार म्हणून म्हणू शकतो. पण म्हाताऱ्या शिक्षकाला एका खऱ्या विद्यार्थ्याने जगायला कारण दिले, एवढा तिचा गाभा मला पटतो. शीलभद्रांनी त्याला योगाचारभूमी सबंध शिकवली. त्याला पंधरा महिने लागले. मूळ कागद अखेर त्याच्या हातात आला.

मग तो दक्षिणेत उतरला. पल्लवांची कांची पाहून, कोकणातून, ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. तेव्हा इथे चालुक्य दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. हर्षासारख्या सम्राटाला ज्याने नर्मदेवर रोखले तो हा पुलकेशी. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात त्याच्या अमलाखालच्या तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतल्या ९९,००० गावांचा उल्लेख आहे. युआन श्वांगने आपल्या लोकांचे जे वर्णन केले ते वाचून प्रत्येक मराठी माणूस छाती फुगवतो. मीही फुगवली होती. माणसे उंच, साधी आणि मानी आहेत. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात. शरण आलेल्याला मारत नाहीत. संकटातल्या माणसाने हाक दिली तर स्वतःचा विचार करत नाहीत. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा न करता लुगडे नेसायला देतात, आणि तो लाजेने जीव देतो. लढाईआधी योद्धे दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात, हेही त्याने लिहिले आहे. तो भाग आपण सहसा सांगत नाही.

याच वर्णनात पूर्वेकडच्या डोंगरातला तो विहार येतो. अचल नावाच्या अर्हताने तो बांधवला, भिंतींवर बुद्धाच्या पूर्वायुष्यातल्या कथांची चित्रे आहेत आणि दाराशी दगडी हत्ती आहेत. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखातही अचल नावाच्या स्थविराचा उल्लेख आहे. त्याने दिलेली मूर्तीची उंची मात्र अवाच्या सवा आहे, त्यामुळे त्याने ही जागा ऐकूनच लिहिली असावी असेही म्हणतात. ऐकीव असेल, तरी कोणी मराठी मुलखातल्या माणसाने ती त्याला सांगितली आणि त्याने टिपून घेतली. त्यानंतर वर्षभरातच, ६४२ मध्ये पल्लवांनी वातापी जिंकली आणि पुलकेशी गेला.

परतीआधी कामरूपचा राजा भास्करवर्मा आणि सम्राट हर्ष यांच्यात या पाहुण्यासाठी ओढाताण झाली. ६४३ मध्ये हर्षाने कनोजला त्याच्यासाठी मोठी धर्मसभा भरवली. अठरा दिवस त्याचा सिद्धांत खोडून काढायला कोणी पुढे आले नाही. निघताना राजांनी खजिने पुढे केले, त्याने भास्करवर्म्याकडून पावसापासून बचाव करणारा एक झगा तेवढा घेतला. हर्षाने वाटेसाठी हत्ती दिला. सिंधू ओलांडताना वादळात नाव डोलली आणि पन्नास पोथ्या व फुलझाडांचे बी नदीत गेले. पामीरच्या पलीकडे लुटारूंच्या धांदलीत तो हत्तीही बुडाला.

काओछांगच्या राजाला दिलेला तीन वर्षांचा शब्द त्याला पाळता आला नाही. तो परतेपर्यंत राजा वारला होता आणि ६४० मध्ये त्याचे राज्य तांग सम्राटाने जिंकून घेतले होते. देणे होते, पण घेणारा उरला नव्हता. मला वाटते, त्याच्या पुढच्या आयुष्याचा उलगडा इथे होतो.

खोतानहून त्याने सम्राट ताइझोंगला पत्र लिहून विनापरवाना गेल्याची कबुली दिली. सम्राटाने माफी दिली. इ.स. ६४५ मध्ये वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ, बुद्धमूर्ती आणि अस्थी घेऊन तो छांगआनला पोचला, तेव्हा रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याला पकडायचा हुकूम निघाला होता, त्याला सम्राटाने मंत्रिपद देऊ केले. त्याने ते नाकारले आणि भाषांतरासाठी जागा व माणसे मागितली. सम्राटाला पश्चिमेची माहिती हवी होती, म्हणून ६४६ मध्ये १३८ राज्यांचे वर्णन असलेले पुस्तक त्याने सांगून लिहून घेतले. ते उरकून तो आपल्या कामाला लागला.

पुढची एकोणीस वर्षे तो फेडत राहिला. पहाटे उठायचे, दिवसभराच्या मजकुरावर तांबड्या शाईने खुणा करायच्या, दिवस दरबारी कामात गेला तर रात्री जागून भरपाई करायची. काय भाषांतरित करू नये, याचेही त्याचे नियम होते. चीनमध्ये जी वस्तूच नाही तिला नवे नाव द्यायचे नाही. आपले जांभूळ जंबूच राहिले. प्रज्ञा हा शब्दही त्याने तसाच ठेवला, कारण शहाणपणासाठीच्या नेहमीच्या शब्दाने त्याचे वजन उतरले असते. पोथ्या ठेवायला ६५२ मध्ये मनोरा बांधू लागले, तेव्हा पन्नाशीच्या या माणसाने स्वतः विटा वाहिल्या. तो मनोरा पुढे पुन्हा बांधला गेला आणि आज शिआन शहरात उभा आहे.

एवढ्यात भारतातून पत्र आले. बोधगयेच्या भिक्षूंनी पांढऱ्या सुती कापडाची दोन ठाणे भेट धाडली होती. ६५४ मध्ये त्याने उत्तर लिहिले. शीलभद्र गेल्याचे त्याला कळले होते, त्याबद्दलचे दुःख त्यात आहे. आणि शेवटी सिंधूत बुडालेल्या पोथ्यांची यादी जोडून विनंती आहे, की जमल्यास या पाठवाव्यात. दहा वर्षांनंतरही तो बुडालेल्या पोथ्या विसरला नव्हता.

६६० मध्ये त्याने प्रज्ञापारमितेचा प्रचंड ग्रंथ हाती घेतला. सहकाऱ्यांनी सुचवले, पुनरुक्ती फार आहे, थोडे गाळू. त्यालाही मोह झाला, पण रात्री भयानक स्वप्ने पडली आणि त्याने एक अक्षरही न गाळायचे ठरवले. ६०० खंड ६६३ मध्ये पुरे झाले. पुढचा ग्रंथ त्याने उघडला, काही ओळी केल्या आणि हात थांबवला. आपली शक्ती संपली हे त्याला कळले होते. ६६४ च्या आरंभी तो गेला. त्याच्या नावावर ७५ ग्रंथ आणि १,३३५ खंड जमा होते.

जपानहून ६५३ मध्ये आलेला दोशो नावाचा भिक्षू त्याच्याजवळ शिकून गेला आणि नालंदेची विद्या समुद्रापलीकडे पोचली. चीनने त्याच्यावर सोळाव्या शतकात एक अजरामर कादंबरी रचली, तिच्यात त्याला पराक्रमी वानराची सोबत दिली. खऱ्या प्रवासात सोबत होती ती म्हाताऱ्या घोड्याची.

आणि आपल्याकडे? इ.स. १२०० च्या सुमारास नालंदा उद्ध्वस्त झाली. ग्रंथ गेले, शिकवणारे गेले, पुढे गावांची नावेही पुसली गेली. नालंदा कुठे होती, श्रावस्ती कुठे होती, हे सांगणारा कोणी उरला नाही. १८६० च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम जुनी ठिकाणे शोधायला निघाले, तेव्हा त्यांच्या हातात युआन श्वांगच्या पुस्तकाचे भाषांतर होते. त्यातली अंतरे मोजत त्यांनी ही ठिकाणे निश्चित केली. वैशेषिक दर्शनाचा एक ग्रंथ, म्हणजे बौद्धांच्या विरोधकांचा ग्रंथ, संस्कृतात नाहीसा झाला. तो राहिला युआन श्वांगच्या चिनी भाषांतरात. देणाऱ्याच्या वह्या जळाल्या, पण घेणाऱ्याने हिशेब जपून ठेवला होता आणि बाराशे वर्षांनी तो व्याजासकट परत आला. १९५७ मध्ये त्याच्या अस्थींचा अंशही नालंदेच्या स्मारकासाठी चीनने भारताला दिला.

गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन मी पुन्हा अजिंठ्याला गेलो. पायऱ्या आता जड जातात. त्या हत्तींशी बसून मी त्याला ही गोष्ट सांगितली. त्याला म्हाताऱ्या घोड्याचे फार आवडले. त्या कागद फाडणाऱ्या साहेबाचे नाव तुम्हाला कसे माहीत, असे त्याने मला विचारले. मी म्हटले, त्याने ज्याला जाऊ दिले तो ते विसरला नाही, म्हणून.

त्या बाईंचे आणि त्यांच्या मुलाचे नाव मात्र मला आठवत नाही. अर्जावर होते. मी त्यावर सही करून तो परत दिला होता.